मधली नळी

माझ्या मोठ्या बहिणीचा उजवा हात कोपरात सरळ होत नाही, तो माझ्यामुळे. माझ्या वडिलांनी हातातला पाना कायमचा खाली ठेवला, तोही माझ्यामुळे. पहिली गोष्ट माझ्या चुकीने झाली, दुसरी मी केली. मोटरसायकलच्या पुढच्या चाकातली दुसरी बेरिंग त्या दिवशी मी बसवली होती, बाबांनी नाही. दोन बेरिंगांच्या मध्ये जी लोखंडी नळी टाकायची असते ती टाकायची राहिली, हे मला त्याच दिवशी, बाबा चाकाचा नट आवळत असतानाच कळलं होतं. सत्तावीस वर्षं लोकांना वेगळंच माहीत होतं, माझ्या बायकोलासुद्धा. पुढे कुठे मी स्वतःला सावरून घेतो आहे असं वाटलं, तर वाचणाऱ्याने या पहिल्या परिच्छेदाकडे परत यावं, म्हणून हे आधी लिहून टाकलं.

आम्ही जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे तारेचं कुंपण घातलेलं अंगण आणि त्या तारेवर आईने चढवलेला पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचा वेल. आमचा दिवस फॅक्टरीच्या भोंग्यावर चालायचा. भोंगा झाला की सायकली निघायच्या, बसगाड्या गुरगुरायच्या, आणि मग ओळीतल्या सगळ्या घरांतून एकदमच भांड्यांचे आवाज सुरू व्हायचे. बाबा फॅक्टरीत टर्नर होते. घरी आले तरी त्यांचं बोट टेबलाच्या कडेवरून, दाराच्या बिजागरीवरून, ताटाच्या काठावरून फिरत असायचं. कुठे खरखरीत लागतं का, हे बघत. रविवारी त्यांच्याकडे ओळीतल्या लोकांच्या गाड्या यायच्या. टायर बदलायचा, बेरिंग बदलायची, ब्रेक बघायचा. ते त्याचं काही घेत नसत. आईने चहा द्यायचा आणि ज्याची गाडी त्याने तरटाशेजारी उकिडवं बसून गप्पा मारायच्या, एवढीच त्यांची अट.

त्या तरटाबद्दल सांगायला हवं. धानाचं रिकामं पोतं उसवून बाबांनी ते सपाट करून ठेवलं होतं. चाक उघडायला बसले की ते तरट अंगणात पसरायचं आणि निघालेली प्रत्येक वस्तू डावीकडून उजवीकडे ओळीने मांडायची. आधी नट, मग वॉशर, मग आस, मग ब्रेकची थाळी, मग बेरिंग, मग नळी, मग दुसरी बेरिंग. "निघाली तशी ठेव लाईनीत. लावतानी उलटीकडून उचल. अन् काम झालं का तरट झटक. काही पडलं त समज, आपलं चुकलं," असं ते सांगायचे. काम झालं की ते खरोखरच उभे राहून तरटाची दोन टोकं धरत आणि जोरात झटकत. धूळ उडायची, आई आतून ओरडायची, "अहो, भाजीत माती येऊन राहिली!" आणि बाबा मान वाकवून जमिनीकडे बघत राहायचे. काही पडलेलं नसायचं. मग ते चाक फिरवायचे, पेचकसाची मूठ कानाला लावायची आणि टोक आसाला, डोळे मिटायचे. नव्या बेरिंगचा आवाज कसा असतो, असं मी एकदा विचारलं होतं. "आवाज नसते. थेच त ऐका लागते," म्हणाले.

बेरिंग ठोकून बसवणं त्यांना आवडत नसे. दुकानात हातोडीने ठोकतात, त्याने नवी बेरिंग पहिल्याच दिवशी दुखावते, असं त्यांचं म्हणणं. त्यांची रीत अशी, की नव्या बेरिंग प्लास्टिकमध्ये गुंडाळून शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवायच्या. सकाळी स्टीलच्या डब्यात बर्फासकट घरी आणायच्या. इकडे आईच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी उकळायचं, त्यात फडकं बुडवून चाकाच्या मधल्या तुंब्याला गुंडाळायचं आणि वरून आणखी गरम पाणी सोडायचं. लोखंड थंडीने आकसतं, तुंबा उष्णतेने फुगतो. मग बेरिंग नुसत्या अंगठ्यांनी आत जाते. जाताना एक बारीक 'टक' होतो. त्या आवाजासाठी बाबा फॅक्टरीतून नाईट करून आल्यावरही न झोपता बसायचे. घाई मात्र करावी लागायची. डब्यातून काढलेली बेरिंग हातात गरम झाली की संपलं.

शालूताईचं लग्न आदल्या वर्षी झालं होतं. कारध्याच्या पलीकडे, नदीपासून थोडं आत तिचं सासर. घर शेतीवालं, मोठं अंगण, खूप माणसं. लग्नात गाडी आम्ही दिली होती. वर्षभर बांधावरून, पांदणीतून हाकून तिच्या नवऱ्याने, भास्कर भाऊजींनी, तिचे दोन्ही टायर गुळगुळीत केले आणि पुढच्या चाकातून खडखड यायला लागली. तिच्या सासऱ्यांनी, सदाशिवजींनी, निरोप धाडला, की गाडी तुमच्या घरून आली आहे तर टायरही तुम्हीच बघा. बाबांना त्याचा राग आला नाही, उलट आनंद झाला. म्हणाले, "बाहेर कुठं दाखवू नका म्हणा. मी घरी करून देतो." दिवाळी झाली होती. धान कापणीला आलं होतं आणि गावोगाव मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरत होती. ताई आणि भास्कर भाऊजी दोन दिवसांसाठी आले, ते असे मंडईच्या दिवसांत.

त्या सकाळी घरात जो वास होता तो मला आजही कुठेही ओळखता येईल. भिजवलेल्या बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे तळले जात होते, दुसऱ्या चुलीवर बेरिंगच्या कामासाठी पाणी उकळत होतं, आणि अंगणातून नव्या रबराचा वास येत होता. बाबा रात्रपाळी करून आले होते. डोळे लाल, अंगात बनियन. आम्ही दोघांनी मिळून आधी टायर उतरवले. बाबांनी कडेला साबणाचं पाणी लावलं, पट्टी घातली, आणि एका बाजूने गुडघा देऊन टायर असा सोडवला की रिमला ओरखडा नाही. मग पुढचं चाक आडवं घेऊन जुन्या बेरिंग काढल्या. पहिली काढताना छिन्नी सरकली आणि टोला नळीच्या काठावर बसला. बाबा चुकचुकले. "राहू दे, चालते. थोडी घासून घेऊ," म्हणून त्यांनी कानस फिरवली आणि नळी माझ्याकडे दिली. मी ती फडक्याने पुसली. तरटावर बारीक रेती उडत होती, म्हणून ओळीत ठेवण्याऐवजी मी ती त्याच फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली. मला वाटलं, मी जास्त काळजी घेतो आहे.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि बारावीत दोनदा नापास झालो होतो. भाऊजी पायरीवर बसून वडे खात होते. साळ्याची मस्करी करणं हा जावयाचा हक्कच असतो आणि भाऊजी मनाने वाईट नव्हते, हे आज कळतं. ते म्हणाले, "काय साले साहेब, बाबा घाम गाळून राहिले अन् तुम्ही फडके धरून. बारावीत दोनदा बसले म्हणते. चाकापाशी किती वर्ष बसता आता?"

बाबांनी वर न बघता पहिली बेरिंग बसवली. टक. मग म्हणाले, "राहू द्या जवाईबापू. बसन त्याचा हात हळूहळू."

मस्करी मला लागली नाही. बाबांची ती सावरून घेणारी वाक्यं मला लागायची. मी कसा आहे हे त्यांना माहीत आहे आणि ते लोकांपासून झाकून ठेवतात, असं वाटायचं. तेवढ्यात भाऊजी पानठेल्याकडे गेले आणि आईने आतून हाक मारली, "अहो, बारा वाजून राहिले. कोंबडी कवा कापता? का जवाईले नुसते वडे खाऊ घालून धाडता?" कोंबडी कापणं बाबांचंच काम होतं. ते उठले, चाक उलटं करून ठेवलं आणि मला म्हणाले, "डब्बा उघडू नको. मी आलोच." आणि घरामागे गेले.

मी डबा उघडला. आधी ताईला हाक मारली, "ताई, गंज आन लवकर." ती पदर खोचून उकळत्या पाण्याचा गंज घेऊन आली. "तू लावतं का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "ओत तू." तिने तुंब्याला गुंडाळलेल्या दुसऱ्या फडक्यावर पाणी सोडलं, वाफ आली, मी बर्फातून बेरिंग काढली, दोन्ही अंगठे ठेवले आणि दाबली. टक. इतकं सोपं, इतकं नीट, की मी हसलो. ताईपण हसली. "झालं न बे! उगाच बोलते तुले लोकं," म्हणाली आणि गंज घेऊन आत गेली. तिच्या उजव्या हाताने ती तो भरलेला गंज एकटीने उचलत असे, हे मी मुद्दाम लिहितो.

बाबा परत आले तेव्हा त्यांच्या मनगटाला पिसं चिकटलेली होती. त्यांनी चाक पाहिलं, बसलेल्या बेरिंगवरून बोट फिरवलं. रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. "तू बसवली?" मी मान हलवली. "नळी टाकली नं?"

मी तरटाकडे पाहिलं. ओळीत नळी नव्हती. म्हणजे टाकलीच असेल, असं मी स्वतःला सांगितलं, पण टाकल्याचं आठवत नव्हतं, हेही तितकंच खरं. मी म्हणालो, "हो बाबा."

त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. चाक गाडीला लावलं, आस घातला आणि नट आवळायला लागले. मी आवरायला लागलो. फडकं उचललं तर ते जड लागलं. आत नळी होती. बाबा माझ्यापासून दोन हातांवर होते. त्यांनी चाक फिरवून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "जड फिरते बे. ब्रेक घासत असन का?"

"नवी आहे न बाबा. ग्रीस भरलं आहे. होईल मोकळी," मी म्हणालो. माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. बाबांनी ब्रेकचा नट थोडा ढिला केला, पेचकस कानाला लावला, डोळे मिटले. रात्रभर जागलेल्या माणसाचे मिटलेले डोळे. भाऊजी पान खाऊन परत आले होते. बाबा त्यांना सांगत होते, "दुसरी बेरिंग त..." आणि मध्येच जांभई आली, वाक्य अर्धंच राहिलं. कुणी विचारलंही नाही. मग ते तरट झटकायला उठले. त्याआधी मी नळी पँटच्या खिशात टाकली होती. बाबांनी तरट झटकलं, मान वाकवून बघितलं. काही पडलं नाही. ते हसले.

अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की नळी नसली तर काय होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हे खोटं आहे. बाबांनीच सांगितलं होतं, की मध्ये आधार नसला तर नट आवळताच दोन्ही बेरिंग आतून चेपल्या जातात, तापतात आणि एक दिवस अडकतात. मला माहीत होतं. पण बेरिंग पुन्हा बाहेर काढायची तर ठोकूनच काढावी लागली असती, नवी असून खराब झाली असती, आणि बाबांच्या चेहऱ्यावर आलेलं ते परत गेलं असतं. दुपारी मी दोन वेळा रस्सा मागून घेतला. खिशातली नळी मांडीला टोचत होती.

नवव्या दिवशी भंडाऱ्याचा बाजार करून परत जाताना कारध्याच्या पुलाच्या टोकाशी पुढचं चाक आधी डगमगलं आणि मग अडकलं. भाऊजींचे गुडघे सोलले. ताई उजव्या बाजूला पडली आणि हात खाली आला. कोपराचा चुरा झाला होता. हाड जुळलं, सांधा मात्र तिथेच थांबला. तेव्हापासून ती स्वतःची वेणी स्वतः घालू शकत नाही. मला राखी डाव्या हाताने बांधते आणि गाठ दातांनी ओढते.

ताईला दवाखान्यातून सासरी आणल्यावर आम्ही तिकडे गेलो. अंगणात गाडी उभी होती आणि सदाशिवजींनी गावातल्या मिस्त्रीला बोलावून सगळ्यांसमोर चाक उघडायला बसवलं होतं. अंगण माणसांनी भरलेलं होतं, बाया ओट्यावर शेंगा सोलत होत्या. मिस्त्रीने आत बोट घातलं आणि म्हणाला, "सदाशिवजी, यात त मधली नळीच नाही जी."

"म्हणजे काय बे?"

"दोन बेरिंगले टेका पाहिजे नं. टेकाच नाही त चेंगरली बेरिंग."

सदाशिवजी आवाज न चढवता बोलणारे गृहस्थ होते, त्यामुळे ते अंगणभर ऐकू गेलं. "मोतीरामजी, तीस वर्ष मशीन चालवली म्हणता. का झाडूच मारला जी तिथं?" काही जण हसले. "आमच्या पोराचं सोडा. गाडीवर पोरगी त तुमचीच होती नं? का थेबी विसरले?"

बाबा उभे होते. टोपी हातात होती. "नळी..." ते म्हणाले, "नळी त म्या..." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांच्या सालांकडे बघत होतो. दारात ताई उभी होती, हात गळ्यात बांधलेला. पाणी तिने ओतलं होतं. बेरिंग कुणी बसवली हे तिला माहीत होतं. तिने सदाशिवजींकडे पाहिलं नाही, बाबांकडेही नाही. माझ्याकडे पाहत राहिली. तिने सांगून टाकलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. ती वाट पाहत होती, मी सांगेन म्हणून. मग ती वळून आत गेली.

घरी आल्यावर बाबांनी हत्यारांची पेटी ओतली. तरट तीनदा झटकलं. मग आईची चाळणी घेऊन अंगणातली माती चाळायला बसले. नळी निघाली तर निदान कळेल कुठे पडली, म्हणाले. मी त्यांच्यासोबत बसून माती चाळली. दोन दिवस. नळी माझ्या पेटीत, हिवाळ्याच्या कपड्यांखाली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी चाळणी खाली ठेवली आणि अगदी हळू विचारलं, "विनू, म्या तुले विचारलं होतं नं, नळी टाकली का म्हणून? तू हाव म्हटलं होतं."

आणि मी म्हणालो, "नाही बाबा. कोंबडी कापून तुम्ही आले अन् तुम्हीच बसवली. मी त नुसतं फडकं धरून होतो."

"म्या बसवली?"

"तुमची नाईट झाली होती न. झोप नव्हती तुम्हाला."

त्यांनी स्वतःच्या अंगठ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "असन बाबा."

अपघात ज्याने झाला ती चूक. हे दुसरं काय होतं, त्याला मला आजही नीट शब्द सापडत नाही. एका माणसाच्या डोक्यातली पक्की, बरोबर आठवण मी हात घालून बाहेर काढली आणि तिथे खोटी बसवली, आणि तीसुद्धा ठोकावी लागली नाही. नुसत्या अंगठ्याने आत गेली.

त्यानंतर बाबांनी फॅक्टरीत स्वतः अर्ज केला, मला मशीनवरून काढा, स्टोअरमध्ये टाका. हत्यारांची पेटी शेजाऱ्याला देऊन टाकली. कुलूप लावलं की चार वेळा मागे वळून बघायचे. गॅस बंद केला का, हे आईला विचारायचे, आणि आईने हो म्हटलं तरी उठून बघायचे. सायकलची चेन पडली तरी आई म्हणायची, "राहू द्या, तुमच्यानं नाही होत. विनू करन." आणि विनू करायचा. आई हे सगळं खरं मानून गेली. आपल्या नवऱ्याचं डोकं पन्नाशीच्या आतच चळलं, असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. मी पुढे बारावी झालो, तुमसरला शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलो. मुलांना मी सांगतो, की साहित्य जिथून घेतलं तिथेच ठेवा.

मी कदाचित कधीच बोललो नसतो. पण यंदा उन्हाळ्यात बाबा खरोखरच विसरायला लागले. एकच गोष्ट तासाभरात तीनदा विचारायचे. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून होतंय, बाबा?" बाबा ताठ बसले आणि म्हणाले, "आताचं नाही जी हे. सत्तावीस वर्ष झाले. पोरीच्या गाडीच्या चाकात मधली नळी टाकाची विसरलो होतो म्या. तवापासून सुरू झालं." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. डॉक्टर मला वेगळं म्हणाले, की अजून वर्षभर बरंच लक्षात राहील, पुढचं सांगता येत नाही. म्हणजे एक वर्ष. त्यानंतर मी कबूल केलं तरी ते समजून घेणारा माणूस तिथे असणार नव्हता.

तरीही मी लगेच बोललो नाही. दोन महिने गेले. माझ्या गाडीचा पुढचा टायर झिजला होता, चाकातून आवाज येत होता. एका रविवारी मी अंगणात तरट पसरलं. सत्तावीस वर्षांत प्रथमच चाक उघडायला बसलो. बेरिंग आमच्याच फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, पाणी बायकोने तापवून दिलं. पहिली बेरिंग, मग नळी, मग दुसरी. नळी टाकल्यावर दोनदा आत बोट घालून चाचपून पाहिली. चाक लागलं, तरट झटकलं, आणि बायको काय झालं म्हणून विचारत असताना मी पेटी उघडून ती जुनी नळी काढली आणि त्याच गाडीवर भंडाऱ्याला, निवृत्तीनंतर बाबा राहत होते तिथे, निघालो.

बाबा ओसरीत बसून तांदूळ निवडत होते. मी नळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली नाही. अंगठा काठावरून फिरवला. फिरता फिरता अंगठा थांबला. "हा माह्या छिन्नीचा टोला," म्हणाले. "कानस मारली होती म्या यावर." मग नळी मुठीत धरून, "कुठं होती?"

"माझ्यापाशी. पहिल्या दिवसापासून." आणि मग मी सगळं सांगितलं. फडकं, खिसा, चाळणी.

"म्हणजे म्या विचारलं होतं."

"हो बाबा."

"अन् तू हाव म्हटलं होतं."

"हो."

"म्या माती चाळून राहिलो होतो, तवा तू माह्या बाजूले बसला होता." हे त्यांनी विचारलं नाही. "तुही माय गेली रे. तिले वाटे माहं डोकं गेलं म्हणून." मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. "मले सांगून मोकळा नोको होऊ. जिथं मले बोलले तिथं चाल."

ताईच्या गावची मंडई दिवाळीनंतर होती. तोवर मी रोज फोन करत होतो आणि रोज भीती वाटायची, की ते विसरले असतील. आणि खरं लिहायचं तर एखाद्या दिवशी तशी आशाही वाटायची. ते विसरले नाहीत. त्या दिवशी तयार होऊन बाहेर आले, माझी गाडी मधल्या स्टँडवर घ्यायला लावली, पुढचं चाक वर उचलायला सांगितलं आणि हाताने फिरवलं. कान जवळ नेला. चाक बराच वेळ फिरलं. "कोण लावलं?" "मी." ते मागे बसले. कारध्याच्या पुलावर त्यांनी माझा खांदा धरला आणि पूल संपल्यावर सोडला.

अंगण भरलेलं होतं. सदाशिवजी भिंतीवरच्या फोटोत होते, हार घातलेला. बाबा त्या फोटोसमोर उभे राहिले आणि त्याच्याकडे बोट केलं. "उशीर केला तू," मला म्हणाले. "यायले ऐकाले पाहिजे होतं." पंगत बसली होती. पांढऱ्या केसांचे भास्कर भाऊजी पाटावर होते, त्यांचे भाऊ, पाहुणे, शेजारी. ताई डाव्या हाताने वडे वाढत होती. मी खिशातून नळी काढली तशी ती थांबली. परात तिने खाली ठेवली.

"आता सांगतं का रे?" ती म्हणाली. एवढंच.

मी उभा राहून सांगितलं. नळीकडे बघत, हळू आवाजात. पुढच्या दोघातिघांनी माना वर केल्या. मागे कुणीतरी रस्सा मागत होतं, कुणीतरी हसत होतं. भाऊजी हातातला घास धरून बाबांकडे बघत होते.

"मांगच्या लोकायले ऐकू नाही आलं," बाबा म्हणाले. ते खुर्चीवर टोपी घालून बसले होते. "जोरानं सांग. मले बोलले होते तवा सगळ्यायले ऐकू गेलं होतं."

मी पुन्हा सांगितलं, अंगणभर ऐकू जाईल असं. "शालूताईच्या गाडीची बेरिंग मी बसवली होती, बाबानं नाही. नळी माझ्या खिशात होती. बाबानं विचारलं अन् मी खोटं बोललो, अन् मंग तुम्हीच बसवली म्हणून त्यायलेच सांगितलं. ताई, तुझा हात माझ्यामुळं गेला. बाबा, तुम्ही काहीच विसरले नव्हते. चूक माझी होती. मले माफ करा."